वारसाविना गादी

पिरेनीज पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर, सेग्रे आणि वलिरा या नद्यांच्या संगमाशी, ला सेऊ दुर्झेल नावाचं लहानसं गाव आहे. गाव स्पेनमधलं, कातालोनियातलं. गावात बाराव्या शतकातलं महामंदिर आहे आणि त्याच्या शेजारी उर्झेलच्या बिशपचा वाडा. या वाड्यात राहणारा माणूस मिस्सा अर्पण करतो, डोंगरातल्या मुलांना दृढीकरणाचा संस्कार देतो, एका धर्मगुरूने चार-चार गावं कशी सांभाळायची याची चिंता वाहतो. जगातले हजारो बिशप हेच करतात. पण नदीच्या काठाने उत्तरेकडे दहा किलोमीटर गेलं की सीमा लागते आणि सीमेपलीकडे आंदोरा नावाचा स्वतंत्र देश सुरू होतो. त्या देशाचा राष्ट्रप्रमुख हाच माणूस. राहायला एका देशात आणि राष्ट्रप्रमुख दुसऱ्या देशाचा. तोही एकटा नाही. त्याच्याइतकाच, त्याच्याच तोलाचा दुसरा राष्ट्रप्रमुख पॅरिसमध्ये असतो: फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. दोघांना मिळून ‘को-प्रिन्स’ म्हणतात. आपण सहाधिपती म्हणू.

मला या माणसाचं कुतूहल फार वर्षांपासून आहे. राजे-महाराजांच्या कथांवर वाढलेल्या आपल्याला सत्तेची दोनच रूपं जवळून माहीत असतात, तलवारीने मिळवलेली आणि मतपेटीतून आलेली. उर्झेलच्या बिशपची सत्ता या दोन्हींत बसत नाही. ती त्याने जिंकलेली नाही, मागितलेली नाही आणि मुलाला देऊन जायची सोयही नाही. रोमहून पोप त्याची एका डोंगरी धर्मप्रांतावर नेमणूक करतो आणि त्या धर्मासनाबरोबर राज्य आपोआप येतं. असं राज्य अंगाखांद्यावर आलेल्या माणसाला आतून काय वाटत असेल, या प्रश्नाने मला त्या दऱ्यांपर्यंत नेलं.

बार्सिलोनाहून बस निघते तेव्हा समुद्राची हवा अजून अंगावर असते. मग द्राक्षमळे आणि गव्हाची शेतं मागे पडतात, डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि रस्ता सेग्रेचा हात धरतो. ला सेऊ सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. जुन्या पेठेत दगडी कमानींखालून चालायचं, कारण पावसा-बर्फात बाजार थांबू नये म्हणून घरांचे खालचे मजले पूर्वीच्यांनी मोकळे सोडलेले आहेत. महामंदिर रोमानेस्क घडणीचं, जाड भिंतींचं, कमी प्रकाशाचं. त्याच्या लगतच्या चौकात ग्रॅनाइटचे खांब आहेत, खांबांच्या माथ्यांवर माणसं, श्वापदं आणि वेली कोरलेल्या आहेत. त्या ओवरीत मी बराच वेळ फिरलो. इथे वैभव म्हणावं असं काही अंगावर येत नाही. राष्ट्रप्रमुखाच्या दाराशी उभे आहोत असं कुठेच वाटत नाही. एखाद्या जुन्या, स्वाभिमानी, फारसं न बोलणाऱ्या घराच्या अंगणात आल्यासारखं वाटतं.

या गादीवर बसलेल्यांपैकी एक सेंट एर्मेंगोल. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो इथला बिशप होता. डोंगरी वाटा माणसांना चालण्याजोग्या व्हाव्यात, गावं एकमेकांना जोडली जावीत, म्हणून त्याने रस्ते आणि पूल बांधायला घेतले. सेग्रेवर एल पोंत दे बार इथे पुलाचं काम चालू असताना तो स्वतः तिथे होता. 1035 मध्ये त्याच पुलावरून पडून त्याचा मृत्यू झाला. लोकांनी त्याला संत मानलं आणि आजही शरद ऋतूत त्याच्या नावाची जत्रा ला सेऊत भरते. डोंगरातले गवळी आपापलं चीज घेऊन येतात. मला या गादीचा मूळपुरुष म्हणून एर्मेंगोलच जवळचा वाटतो. राज्य नंतर आलं. आधी पूल होता.

राज्य कसं आलं, त्याची कहाणी लांब आहे, पण तिचा गाभा एका तहात आहे. आंदोराच्या दऱ्या दहाव्या शतकाच्या अखेरीस उर्झेलच्या काउंटकडून बिशपकडे आल्या. बिशपजवळ सैन्य नव्हतं, म्हणून त्याने त्या दऱ्या रक्षणासाठी एका सरदार घराण्याकडे सोपवल्या. त्या घरातली मुलगी दुसऱ्या घरात गेली, तिथली मुलगी तिसऱ्या घरात, आणि लग्नांच्या या साखळीतून आंदोरावरचा हक्क पिरेनीजच्या उत्तरेकडच्या फ्वाच्या काउंटपर्यंत पोचला. आता काउंट बलाढ्य आणि बिशप हट्टी. भांडणं झाली, माणसं मेली. शेवटी मध्यस्थ बसले आणि 8 सप्टेंबर 1278 रोजी बिशप पेरे दुर्च आणि काउंट रोझे बेर्नार तिसरा यांच्यात करार झाला. आंदोरा दोघांचा. खंडणी आळीपाळीने, एक वर्ष एकाची, दुसरं वर्ष दुसऱ्याची. न्याय दोघांच्या नावाने. 1288 मध्ये पुरवणी करार झाला आणि त्यात एकमेकांच्या संमतीशिवाय किल्ला बांधायचा नाही असंही ठरलं.

माझ्या आजोळी दोन भावकींची एक सामाईक विहीर होती. सात-बाऱ्यावर दोघांची नावं आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कुणा एकाला ती विकता येत नव्हती, बुजवता येत नव्हती, कुंपणात घेता येत नव्हती. आजूबाजूच्या स्वतंत्र विहिरी विकल्या गेल्या, आटल्या, वाटण्यांत गेल्या. ही तेवढी राहिली, आणि तिच्यावर पाणी भरणाऱ्या, दोन्ही भावकींत नसलेल्या बायकांना ती आपली वाटत राहिली. 1278 चा करार वाचताना मला ती विहीर आठवली. दोन धनी असल्यामुळे आंदोरा कुणाच्याच घशात गेला नाही. फ्रान्स हात पुढे करायचा तेव्हा बिशपचा हक्क आड यायचा, स्पेनच्या मनात काही आलं तर फ्रान्सचा. आणि या दोघांच्या मधल्या जागेत डोंगरी शेतकरी, मेंढपाळ, लोहार आपापला कारभार करत राहिले. 1419 पासून त्यांची स्वतःची परिषद आहे. युरोपातल्या जुन्यात जुन्या लोकसभांमध्ये तिची गणना होते.

काळाच्या ओघात फ्वाच्या काउंटचा हक्क वारशाने नवारच्या राजाकडे गेला, नवारचा राजा आंरी चौथा या नावाने फ्रान्सचा राजा झाला आणि 1607 मध्ये त्याने आंदोरावरचा हक्क फ्रान्सच्या राजपदाशी जोडून टाकला. पुढे राज्यक्रांती झाली. क्रांतीच्या सरकारला सरंजामी खंडणी हातात घेणंही पाप वाटलं आणि 1793 मध्ये त्याने ती नाकारली. आंदोराच्या लोकांना एक धनी कमी झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना समजत होतं की एकच धनी उरला की तराजू कलतो. त्यांनी स्वतः होऊन फ्रान्सला विनवण्या केल्या, आमची खंडणी घ्या म्हणून, आणि नेपोलियनने 1806 मध्ये जुनं नातं पुन्हा जोडून दिलं. गरिबांच्या राजकीय शहाणपणाचं याहून नितळ उदाहरण मला ठाऊक नाही. दुसऱ्या हाताने धरून ठेवलं नाही तर पहिला हात मुठीत आवळतो, हे त्यांनी पाच शतकं जगून ओळखलं होतं.

खंडणी तरी किती? शेवटी शेवटी फ्रान्सच्या वाट्याला 960 फ्रँक आणि बिशपच्या वाट्याला 460 पेसेता, एकेक वर्ष आड. बिशपच्या पाळीच्या वर्षी पैशांबरोबर खारवलेल्या मांसाच्या तंगड्या, चीज आणि पोसलेले कोंबडे दऱ्यांतून खाली ला सेऊला यायचे. महागाईने त्या रकमेला काही अर्थ उरला नव्हता, तरी ती 1993 पर्यंत दिली जात होती. मला त्यात मोठं सौजन्य दिसतं. देणाऱ्यांनी आपलं नातं आठवणीत ठेवलं आणि घेणाऱ्याने त्याहून जास्त मागितलं नाही. सात शतकं एका गादीने आपली भूक वाढू दिली नाही, ही राज्यांच्या इतिहासात साधी गोष्ट नव्हे.

फ्रान्सकडची बाजू या काळात कितीदा बदलली: काउंट, राजे, क्रांती, सम्राट, पुन्हा राजे, पुन्हा सम्राट, प्रजासत्ताकं. बिशपची बाजू मात्र 1278 मध्ये होती तीच आहे. ज्या बाजूला मुलं-नातवंडं, लग्नं, वारसाहक्क होते, ती बाजू घरं बदलत गेली. ज्या बाजूला ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेली माणसं होती, जिथे एकाही धन्याला कायद्याने वारस असू शकत नव्हता, ती बाजू टिकली.

मराठी मनाला ही गोष्ट विशेष भिडावी. वारस नाही म्हणून गादी जाते, हे आपल्याकडे रक्ताने लिहिलेलं आहे. 1848 मध्ये साताऱ्याचे राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले आणि दत्तक नामंजूर करून छत्रपतींचं राज्य खालसा झालं. 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले आणि पुढच्याच वर्षी ते राज्यही गेलं. झाशीचं काय झालं ते तर पोराटोरांना पाठ आहे. वाड्यांतला पाळणा रिकामा राहिला की संबंध मुलुखाच्या काळजात धस्स व्हायचं. आणि त्याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, एका डोंगरी वाड्यात एकामागून एक निपुत्रिक माणसं येत होती, गादीवर बसत होती, मरत होती, आणि गादी हलत नव्हती. आपल्या मठांच्या परंपरांमध्येही असंच चालतं. रक्ताचा मुलगा नसेल तिथे शिष्य उभा राहतो. पण मठ राज्य करत नाहीत. उर्झेलमध्ये मठाची रीत राज्याला लागू झाली आणि ती राज्याला मानवली.

राज्य आणि धर्मपद एका देहात आलं की काय होऊ शकतं, याचा दुसरा चेहरा आपल्या गोव्याने पाहिलेला आहे. ज्या 1607 साली आंरी चौथ्याने आंदोराचा हक्क फ्रान्सच्या गादीला बांधला, त्याच सालापासून 1609 पर्यंत गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. याच आर्चबिशपने 1599 मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मसभा भरवून तिथल्या प्राचीन सिरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या साच्यात बसवायचा सक्तीने प्रयत्न केला होता. त्या समाजात त्याची जखम पुढे शतकानुशतकं भरली नाही. मेनेझेसच्या पाठीशी आरमार होतं, साम्राज्य होतं आणि अडवणारा बरोबरीचा कुणी नव्हता. उर्झेलच्या बिशपच्या वाट्याला कायम एक जोडीदार आला. मला वाटतं, त्याला पवित्र राहणं सोपं गेलं असेल तर त्यात त्याच्या सद्गुणाइतकाच त्या जोडीदाराचा वाटा आहे.

ख्रिस्तसभेलाही ही भीती ठाऊक आहे. 1983 च्या धर्मसंहितेत धर्मगुरूंनी मुलकी सत्ता चालवणारी सार्वजनिक पदं घेऊ नयेत असा स्पष्ट नियम आहे. पॅराग्वेत फेर्नांदो लुगो हे बिशप गरिबांचे पुढारी म्हणून निवडणुकीला उभे राहिले, 2008 मध्ये जिंकले, आणि राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी रोमने त्यांना धर्मगुरुपदातून मोकळं केलं. तिथे एका अंगावर दोन वस्त्रं मावली नाहीत. उर्झेलमध्ये मात्र ती दोन वस्त्रं फार जुन्या काळी एकत्र विणली गेली आहेत. एक काढायचं तर दुसरं फाटतं.

या गादीवरच्या माणसांचे स्वभाव वेगवेगळे होते. झुआन बेनलोक हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे बिशप. त्यांनी आंदोराच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिले. त्या गीतात भूमी स्वतः बोलते, स्वतःला शार्लमेनची लेक म्हणवते. राष्ट्रप्रमुखाने आपल्या प्रजेसाठी गीत लिहावं आणि त्यात ‘मी’ म्हणणारी ती भूमी असावी, हे मला फार हृद्य वाटतं. त्यांच्यानंतरचे झुस्ती गितार्त यांच्या वाट्याला 1934 चा विलक्षण जुलै आला. बोरिस स्कोसिरेफ नावाच्या एका रशियन साहसी माणसाने आंदोरात येऊन स्वतःला राजा म्हणून घोषित केलं. सुधारणांची, भरभराटीची मोठमोठी आश्वासनं दिली. काही दिवसांतच स्पेनच्या पोलिसांनी त्याला पकडून नेलं. शतकानुशतकं राजा नसलेल्या लोकांना राजा देऊ करणारा माणूस आला आणि गेला. जुनी, गाजावाजा नसलेली व्यवस्था होती तिथेच राहिली.

आणि मग झुआन मार्ती इ आलानिस. 1971 ते 2003 असा प्रदीर्घ काळ त्यांनी ही गादी सांभाळली. 1973 मध्ये फ्रान्समधल्या काओर गावी ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांना भेटले. 1278 चा करार झाल्यापासून दोन सहाधिपती समोरासमोर आल्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. सातशे वर्षांच्या भागीदारीत भागीदारांनी एकमेकांचा चेहरा पाहिला नव्हता! पण मार्ती आलानिस यांचं खरं मोठेपण वीस वर्षांनी दिसलं. जुन्या रिवाजांवर चाललेल्या आंदोराला लिखित संविधान हवं होतं. 14 मार्च 1993 रोजी लोकांनी कौल दिला, जवळजवळ चारांतल्या तिघांनी ‘हो’ म्हटलं. 28 एप्रिलला बिशप आणि फ्रान्स्वा मित्तराँ यांनी संविधानावर सह्या केल्या, त्याच वर्षी जुलैत आंदोरा संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. त्या सहीने मार्ती आलानिस यांच्या हातची बहुतेक सत्ता गेली. सार्वभौमत्व आंदोराच्या जनतेचं झालं, कारभार निवडून आलेल्या सरकारचा झाला, कोंबडे-चीजची खंडणी इतिहासजमा झाली. आपल्या पूर्वसुरींनी सातशे वर्षं सांभाळलेली सत्ता स्वतःच्या सहीने लोकांच्या ओंजळीत ठेवायची वेळ फार थोड्या राष्ट्रप्रमुखांवर येते. ज्यांच्यावर येते त्यांतले बरेच हात मागे घेतात. या बिशपने सही केली आणि आणखी दहा वर्षं, उरलेल्या साध्या भूमिकेत, तितक्याच निष्ठेने काम केलं.

आंदोरा ला वेल्यात, जुन्या वस्तीच्या कडेला, ‘कासा दे ला वाल’ नावाचं दगडी घर आहे. 1580 मध्ये एका सधन कुटुंबाने बांधलेलं, 1702 मध्ये परिषदेने विकत घेतलेलं. 2011 पर्यंत देशाची संसद इथे भरत असे. त्या घरात एक जुनं लाकडी कपाट आहे, सात कुलपांचं. देशाचे सात परगणे, प्रत्येक परगण्याकडे एक किल्ली. सातही जण हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. आत देशाचे जुने कागद ठेवलेले असायचे. त्यांत 1748 मध्ये अंतोनी फितेर इ रोसेल यांनी संकलित केलेला ‘मानुअल दिजेस्त’ही आहे, आंदोराच्या रूढी आणि हक्कांचा संग्रह. त्या कपाटापुढे उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन धन्यांनी वरच्या बाजूला जे केलं तेच गावकऱ्यांनी खालच्या बाजूला सातपटीने केलं होतं. एकट्याच्या हाताने उघडेल असं काही ठेवायचंच नाही, हा त्या दऱ्यांचा धर्म आहे.

मग आज बिशपच्या हाती काय उरलं? संविधान म्हणतं की दोन्ही सहाधिपती मिळून, अविभाज्यपणे, राष्ट्रप्रमुख आहेत. कायदे त्यांच्या सहीने जाहीर होतात, निवडणुका त्यांच्या नावाने होतात, परदेशी राजदूत त्यांच्यापुढे अधिकारपत्रं ठेवतात. पण बहुतेक कृत्यांना सरकारप्रमुखाची प्रतिस्वाक्षरी लागते. जी थोडी कृत्यं ते स्वतःच्या अधिकारात करू शकतात, त्यांत घटना न्यायालयावर प्रत्येकी एकेक न्यायाधीश नेमणं आहे. आणि त्या यादीत एक गोष्ट आहे, जिच्यावर माझी नजर अडून राहिली: दयेचा अधिकार. दोषी ठरलेल्याला माफी देण्याचा, दोघांनी मिळून.

विचार करावा तितकं हे खोल जातं. हा माणूस पापनिवेदन ऐकतो. कुणी गुडघे टेकून आपलं काळं मन त्याच्यापुढे मोकळं करतं आणि तो देवाच्या नावाने क्षमा देतो. तोच माणूस राष्ट्रप्रमुख म्हणून एखाद्या कैद्याच्या अर्जावर क्षमेची सही करू शकतो. पहिली क्षमा त्याने एकट्याने द्यायची आणि तिच्याबद्दल मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसरी क्षमा पॅरिसच्या संमतीविना देता येत नाही आणि ती राजपत्रात छापली जाते. दोन्हींत माणूस तोच, पेन धरणारा आणि आशीर्वादासाठी उचललेला हातही तोच. सगळे अधिकार झिजून गेले आणि बिशपच्या हाती क्षमा राहिली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. राज्यसत्तेतलं धर्मपदाला शोभणारं असं काही असेल तर ते हेच.

पण या पदाच्या उजेडाबरोबर त्याची सावलीही सांगितली पाहिजे. जुन्या आंदोरात न्याय सहाधिपतींच्या नावाने होत असे, आणि त्या न्यायात मृत्युदंडही होता. शेवटची देहांताची शिक्षा, गोळ्या घालून, 1943 मध्ये अमलात आली, मृत्युदंड कायद्यातून गेला तो 1990 मध्ये. ‘हत्या करू नकोस’ हे वेदीवरून वाचणाऱ्या बिशपच्या नावाने माणसाचा जीव घेतला गेला. स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला 1970 साल उजाडलं. टिकणं हाच काही गुण नव्हे. टिकलेल्या गोष्टींच्या पोटात अन्यायही तितकेच टिकून राहतात.

आणि आज एक प्रश्न या गादीच्या उंबऱ्यात उभा आहे. आंदोरात गर्भपाताला पूर्ण बंदी आहे. स्त्रीला गर्भपात करून घ्यायचा असेल तर तिला सीमा ओलांडून स्पेन किंवा फ्रान्सला जावं लागतं. कायदा बदलावा अशी मागणी रस्त्यावर आली आहे आणि आंदोराचं सरकार व्हॅटिकनशी वर्षानुवर्षं बोलणी करत आहे. एका सहाधिपतीला सही करणं अशक्य झालं तर दुसऱ्याच्या संमतीने कायदा पुढे नेण्याची वाट संविधानात आहे. पण प्रश्न सहीपुरता नाही. ख्रिस्तसभा ज्याला जीवहत्या मानते ते ज्या देशात कायदेशीर होईल, त्या देशाचा प्रमुख म्हणून बिशपने राहायचं का? आणि तो उठून गेला तर सातशे वर्षांचा तोल कुणी सांभाळायचा? एकीकडे एका माणसाची सद्सद्विवेकबुद्धी आणि त्याच्या ख्रिस्तसभेची शिकवण, दुसरीकडे एकटीने बसचं तिकीट काढून परक्या गावी रुग्णालय शोधणारी तरुण मुलगी. मला या दोघांपैकी कुणालाही हलकं लेखता येत नाही. पण ओझं कुणावर जास्त आहे, हे मला दिसतं. ती मुलगी रात्री घरी परतते तेव्हा तिच्या दुःखात सहभागी व्हायला त्या प्राचीन व्यवस्थेतलं कुणीही नसतं. देशाची एकजूट राखायची म्हणून तिने एकटं पडावं, हा सौदा मला मान्य होत नाही. ज्या गादीने एकेकाळी स्वतःची सत्ता लोकांच्या स्वाधीन केली, ती गादी या प्रश्नापुढेही काही मार्ग काढील, अशी आशा मी सोडलेली नाही.

मेरिचेलला गेलो तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मेरिचेलची माता आंदोराची रक्षक आणि 8 सप्टेंबर हा तिचा सण, तोच राष्ट्रीय दिन. त्याच तारखेला 1278 चा करार झाला होता. 1972 मध्ये सणाच्याच रात्री मंदिराला आग लागली आणि मातेची प्राचीन लाकडी मूर्ती जळून गेली. जवळच 1976 मध्ये रिकार्दो बोफिल यांच्या आराखड्याप्रमाणे नवं मंदिर उभं राहिलं, मोठ्या कमानींचं, पांढरं, सर्व बाजूंनी डोंगर आत घेणारं. मूर्ती नवी, जुन्या मूर्तीवरून घडवलेली. तिथे मेणबत्ती लावणाऱ्यांत पोर्तुगालहून कामाला आलेले मजूर होते, दुकानांत राबणाऱ्या बाया होत्या. या देशात राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक इथले नागरिक आहेत. सुमारे 85 हजारांचा हा देश बाहेरून आलेल्यांच्या कष्टांवर चालतो. त्यांच्या गर्दीत उभं असताना माझ्या मनात आलं की राष्ट्रप्रमुखसुद्धा इथला नाही. तोही बाहेरूनच येतो.

आणि खरंच, तो दूरदूरून येतो. झुआन एन्रिक विवेस 1949 मध्ये बार्सिलोनात जन्मले, 2003 मध्ये उर्झेलचे बिशप झाले, बावीस वर्षं सहाधिपती राहिले. या काळात पॅरिसच्या बाजूला शिराक, सार्कोझी, ओलांद, माक्राँ असे चार जोडीदार आले. 31 मे 2025 रोजी विवेस निवृत्त झाले आणि त्याच दिवशी झुझेप-ल्युइस सेरानो पेंतिनात त्यांच्या जागी आले. 1977 मध्ये तारागोना प्रांतातल्या तिविसा गावी जन्मलेले, व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत काम केलेले. मिरवणूक नाही, निवडणूक नाही, राज्याभिषेक नाही. एका धर्मगुरूने दुसऱ्या धर्मगुरूच्या हाती डोंगरातली गावं सोपवली, आणि त्या गावांबरोबर एक देश.

विवेस यांच्या मनात त्या दिवशी काय असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. बावीस वर्षं तुम्ही एका देशाचे प्रमुख आहात. राष्ट्रगीत वाजलं की लोक तुमच्याकडे पाहून उभे राहतात. मग एक पत्र येतं आणि तुम्ही निवृत्त बिशप होता. नावाने चालणारं घराणं नाही, गादीवर बसलेला मुलगा नाही, तुमच्या रक्ताचा एक थेंबही त्या राज्यात मागे उरत नाही. आपल्या जगण्याची सारी धडपड नेमकी याच्या उलट दिशेने चाललेली असते: घर मुलाच्या नावावर, जमीन नातवाच्या नावावर, पक्ष पुतण्याच्या हाती. आपलं ते आपल्यामागेही आपलंच राहावं, या ओढीने माणसं आयुष्य जाळतात. उर्झेलच्या बिशपला हे दार पहिल्या दिवसापासून बंद असतं. म्हणूनच कदाचित तो मोकळा असतो. जे पुढे न्यायचंच नाही ते लुटण्यात अर्थ नसतो. त्याच्यापुढे एकच काम उरतं: आपल्याकडे जसं आलं तसं, जमल्यास थोडं सुधारून, पुढच्या अनोळखी माणसाकडे सोपवायचं.

मी या गादीचा भाबडा भक्त नाही. जनतेने न निवडलेला राष्ट्रप्रमुख मला आजही खटकतो आणि एखाद्या धर्माचा प्रमुख सगळ्यांच्या देशाचा प्रमुख असावा हेही. उद्या आंदोराच्या लोकांनी ही व्यवस्था मोडायचं ठरवलं तर तो त्यांचा हक्क आहे. पण ती मोडली तरी तिने शिकवलेलं एक शहाणपण मोडीत निघू नये असं मला कळवळून वाटतं. सत्ता वाटून घेतली की ती माणसाच्या मापाची राहते. आणि ती सांभाळणाऱ्याला जर ती कुणालाच देऊन जाता येणार नसेल, तर तिच्याकडे तो मालमत्ता म्हणून पाहत नाही, ठेव म्हणून पाहतो. आपल्या ग्रामपंचायतींपासून विधानभवनापर्यंत, सहकारी कारखान्यांपासून देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांपर्यंत, जिथे जिथे घराणी खुर्च्यांना चिकटलेली मी पाहतो, तिथे तिथे मला 468 चौरस किलोमीटरच्या त्या खोऱ्याची आठवण होते. त्या खोऱ्याने बिनवारसाच्या माणसांवर साडेसातशे वर्षं विश्वास टाकला, त्यांना एकटं कधी राज्य करू दिलं नाही, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याकडून आपलं राज्य शांतपणे परत मागून घेतलं. आपणही आपल्या धन्यांकडे इतकं मागायला शिकलं पाहिजे.